दुखवट्याची उतरंड

गावगाड्यात पाटलाच्या किंवा कुणब्याच्या घरी माणूस गेला की पहिली धावपळ महाराची होई. परगावच्या सोयऱ्यांना सांगावा पायी पोचवायचा, सरणाची लाकडे वाहायची, आणि या कामाबद्दल मढ्यावरचे कापड घ्यायचे. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या बावन्न हक्कांत ते मोडे. हक्क हा शब्द इथे फारच उदारपणे वापरलेला दिसतो. या सांगावेकऱ्याच्या स्वतःच्या घरी मरण आले तर बातमी त्याच्या भाऊबंदांपुरती राही आणि माती वेगळ्या मसणवट्यात होई. महारवतनाच्या या वेठीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द व्हायला मात्र 1958 साल उजाडावे लागले. वतन गेले, मसणवटे अनेक गावांत जातवारच राहिले. एकाला पत्र्याची शेड आणि डांबरी रस्ता, दुसऱ्याची तिरडी पावसाळ्यात कुणाच्या तरी बांधावरून, त्याची मनधरणी करून न्यायची.

सुतक सगळ्यांना सांगितलेले आहे, पण ते पाळायला घरात दाणे लागतात. रोजंदारीवर जाणाऱ्या घराला दहा दिवस चूल थंड ठेवून बसता येत नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडून बाई पुन्हा कामाला जाते. सुधारकी घरांत हाच तिसरा दिवस तत्त्व म्हणून पाळला जातो आणि त्याचे कौतुकही होते. उलट, सधन घराचा दहावा म्हणजे नदीकाठी मंडप, ध्वनिक्षेपक, नामांकित कीर्तनकाराचे प्रवचन आणि आमदार-सभापतींची श्रद्धांजलीची भाषणे. चौकात फ्लेक्स लागतो, वर्तमानपत्रात छायाचित्रासह पुण्यस्मरणाची जाहिरात येते. विधीभोवती पोट भरणारेही असतात. बाबा भांड यांच्या ‘दशक्रिया’ या कादंबरीत पैठणच्या गोदाकाठी राखेतले पैसे वेचणारा गरीब मुलगा आहे.

राज्याच्या दुखवट्यालाही पायऱ्या आहेत. शासकीय इतमाम, बंदुकीच्या फैरी, अर्ध्यावर उतरवलेला ध्वज, सुट्टी हे सारे सरकार ठरवते. दादरच्या शिवाजी पार्कवर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्यावर आणि 2022 मध्ये लता मंगेशकर यांच्यावर अशाच इतमामात अंत्यसंस्कार झाले. तिथून चालत काही मिनिटांवर चैत्यभूमी आहे. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईत आणून राजगृहात ठेवले गेले आणि 7 डिसेंबरला तिथेच, दादर चौपाटीवर, अंत्यसंस्कार झाले. जमलेल्या असंख्य लोकांनी त्या चितेसमोरच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ज्यांच्या वाट्याला दुसऱ्यांच्या मरणाची वेठ आली होती, त्यांनी आपल्या माणसाचा शोक भर सार्वजनिक जागी, आपल्या पद्धतीने केला. दरवर्षी 6 डिसेंबरला पांढऱ्या कपड्यांतली लाखो माणसे पदरमोड करून येतात, शिवाजी पार्कच्या मैदानात मुक्काम करतात, जाताना पुस्तके विकत घेतात. शहराच्या सुखवस्तू भागाला या दिवसाची आठवण मुख्यतः गर्दी आणि कचरा म्हणून राहते. तेवढीच गर्दी दुसऱ्या कुणाच्या अंत्ययात्रेला झाली की तिचा जनसागर होतो.

शेतकरी आत्महत्येच्या बाबतीत तर शोकाची छाननीच होते. सानुग्रह मदत एक लाख रुपयांची. त्यासाठी जमीन, कर्ज आणि थकबाकी यांची कागदपत्रे जिल्हा समितीपुढे जातात आणि मरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरी बाई आणि तोंडी कराराने शेत कसणारा बटाईदार या छाननीत सहज गळतात.

सर्वांत खालच्या पायरीवर बेवारस प्रेत येते. मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियम 1949 नुसार ठरावीक मुदतीत कोणी ताबा न घेतलेले प्रेत वैद्यकीय महाविद्यालयाला विच्छेदनासाठी देता येते. त्याआधी वारस शोधण्यासाठी पोलीस वर्तमानपत्रात निवेदन देतात: अनोळखी पुरुष, अंदाजे वय, उंची, रंग सावळा, अंगावर मळका सदरा, उजव्या हातावर गोंदलेले.