एक नग कमी, एक टेम्पो जास्त

गोदामात 33 नग पडलेत. बाहेर टेम्पो उभे, प्रत्येकाची मर्यादा 524 किलो. कमीत कमी किती टेम्पो लागतील?

हे नग रांगेत मांडायच्या पद्धतींची संख्याच 37 अंकी भरते! म्हणून संगणकही जाणत्या हमालासारखा वागतो: जड नग आधी उचलायचा आणि पहिल्या ज्या टेम्पोत मावेल त्यात चढवायचा. डब्यात आधी लाडू, मग फटींत चिवडा.

एवढासा नियम किती फसू शकतो? 1973 साली डेव्हिड जॉन्सन यांनी सिद्ध केलं की, उत्तमातल्या उत्तम भरणीला 900 गाड्या लागत असतील तर या नियमाला 1104 च्या वर कधीच लागणार नाहीत. माल कुठलाही असो! न पाहिलेल्या मालाची केवढी ही हमी!

आता आपले नग बघा. 442 किलोचा एक, 252 चे सात, 127 चे पाच, 106 चे चार, मग 85, 84 आणि 46 चा एकेक, 37 चे दोन, 12 चे तीन, 10 चे सहा, 9 चे दोन. नियमानं चढवा. सात टेम्पो काठोकाठ भरतात, एका किलोचीही जागा उरत नाही!

इतक्यात गिऱ्हाइकाचा निरोप येतो, 46 किलोचा नग नको. चला, ओझं हलकं झालं. पुन्हा पहिल्यापासून भरा. आता लागतात आठ टेम्पो!

हे झालं कसं? 46 चा नग पहिल्या टेम्पोत 442 च्या शेजारी होता आणि उरलेल्या 36 किलोंत 12 चे तिन्ही नग चपखल बसले होते. तो गेला, तशी ती जागा 37 च्या जोडीनं बळकावली. 12 चे नग पुढच्या टेम्पोंत घुसले, त्यांनी 10 च्या नगांना हुसकावलं. धक्का लागत लागत शेवटी 9 किलोचा एक नग हातात उरला. सात टेम्पोंत मिळून 55 किलोंची जागा मोकळी, पण एकाही टेम्पोत 9 किलोंची नाही!

म्हणून चांगली सॉफ्टवेअर पहिल्या भरणीवर थांबत नाहीत, नगांची अदलाबदल करून बघतात. इथं पाचव्या टेम्पोतला 10 चा नग सातव्यात न्या, सातव्यातला 9 चा पाचव्यात आणा. पाचव्यात बरोबर 9 किलोंची जागा होते आणि आठवा टेम्पो परत पाठवता येतो.