पाणी किती प्यावे?

संस्कृतात पाण्याला 'जीवन' म्हणतात, हे आपण शाळेतच शिकलो. परंतु हे जीवन रोज किती प्यावे, हे मात्र नीटसे कोणी सांगत नाही. 'रोज आठ ग्लास' एवढे जो तो ऐकवतो.

मला हा प्रश्न पडला तो आजारपणात. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या खेड्यातून मी रोज एस.टी.ने कोल्हापूरला येते. सकाळी साडेसहाला घर सोडले की परतायला तीन वाजतात. वाटेत स्वच्छतागृहाची धड सोय नाही, म्हणून तोवर मी घोटभरही पाणी पीत नसे. मैत्रिणींचेही तेच. पुढे लघवीला जळजळ होऊन ताप भरला, तेव्हा डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "बाळ, दिवसभरात पाणी किती पितेस?" मी खाली मान घातली.

मग वाचू लागले. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक रक्तात परत जातो आणि दीड-दोन लिटर मूत्र उरते. पाणी कमी पडले की मेंदू तहान लावतो आणि मूत्रपिंडांना पाणी राखायचा निरोप धाडतो. म्हणून निरोगी माणसाला तहान हीच बरी खूण. लघवी गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. म्हातारपणी मात्र तहान मंदावते, तेव्हा आजी-आजोबांना आठवणीने पाणी द्यावे.

आठ ग्लासांच्या नियमाला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असे हाइन्झ व्हाल्टिन या शास्त्रज्ञाने २००२ साली दाखवले. युरोपातील तज्ज्ञांनी २०१० साली स्त्रियांसाठी २ व पुरुषांसाठी २.५ लिटर हे प्रमाण दिले. पण त्यात अन्नातले पाणीही धरलेले आहे. म्हणजे आपली आमटी, ताक, भात, सारे त्यात आले. उन्हात ऊस तोडणाऱ्याला किंवा तालमीत घाम गाळणाऱ्या पैलवानाला अर्थातच अधिक लागणार.

जास्त पाण्याचा फायदा कोणाला? इटलीत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मुतखडा होऊन गेलेल्यांपैकी भरपूर पाणी पिणाऱ्या १२ टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला; इतरांत हे प्रमाण २७ टक्के होते. वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या, कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांना रोज दीड लिटर पाणी जादा दिले, तेव्हा त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, तर जादा पाणी न दिलेल्यांना ३.२ वेळा, असे २०१८ सालच्या अभ्यासात दिसले. हे वाचताना मला माझेच दुखणे आठवले.

अति मात्र येथेही वाईट. थोड्या वेळात फार पाणी प्याल्यास रक्तातले सोडियम उतरते व जिवावर बेतू शकते. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांनाच विचारावे.

आता मी पिशवीत बाटली ठेवते आणि पितेही. पण एक विनंती करावीशी वाटते. मुलींना 'पाणी प्या' असे सांगण्याआधी आतून कडी लागणारे, स्वच्छ आणि पाणी असलेले स्वच्छतागृह त्यांना मिळावे. तहान लागूनही न पिणे ही आमची सवय नव्हे, नाइलाज आहे.