घोळणा फुटणारी घराणी

१८६५ साली लंडनच्या बेंजामिन बॅबिंग्टन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका कुटुंबाची हकीकत छापली. या घरात पिढ्यानपिढ्या घोळणा फुटत होता. पुढे १८९६ मध्ये पॅरिसच्या आंरी रांद्यू यांनी अशाच एका रुग्णाच्या चेहऱ्यावरचे, ओठांवरचे, जिभेवरचे बारीक लाल ठिपके टिपले आणि हा हिमोफिलिया नव्हे, हे ठामपणे सांगितलं. १९०१ मध्ये ऑस्लर आणि १९०७ मध्ये वेबर यांनी त्यात भर घातली. १९०९ मध्ये हेन्स यांनी दिलेलं ‘हेरेडिटरी हेमोरेजिक टेलँजिएक्टेशिया’ हे लांबलचक नाव आता ‘एचएचटी’ म्हणून चालतं.

दोष रक्तात नाही, रक्तवाहिन्यांत आहे. धमनी आणि शीर यांच्यामधलं केशवाहिन्यांचं जाळंच काही ठिकाणी नसतं. धमनीतलं रक्त जोराने थेट शिरेत घुसतं, नाजूक भिंत फुगते आणि नाकात ती सहज फुटते. दहापैकी नऊहून अधिक रुग्णांचा घोळणा फुटतो. आईवडिलांपैकी एकाला आजार असला, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

खरा धोका मात्र नाकात नाही. फुप्फुस ही रक्ताची चाळणीच. रक्ताची बारीक गुठळी, जंतू तिथे अडकतात. फुप्फुसातही अशीच सदोष वाहिनी असली, तर त्या चाळणीला भोक पडतं आणि गुठळ्या, जंतू थेट मेंदूत पोहोचतात. ऐन तारुण्यात पक्षाघात किंवा मेंदूत गळू झालेल्या माणसाला ‘लहानपणी घोळणा फुटायचा का, घरात आणखी कोणाचा फुटतो का’ हे विचारायचं फार काळ कोणाला सुचलं नाही, याचं वाईट वाटतं.

लाखात एखाद्याला होणारा आजार, अशी समजूत विसाव्या शतकात बराच काळ टिकली. मग फ्रान्सच्या जुरा भागात, डेन्मार्कच्या फ्यून बेटावर संशोधकांनी घराणीच्या घराणी तपासली आणि आकडे बदलले. आज साधारण पाच हजारांत एक असं प्रमाण मानतात. कुरासाओ आणि बोनेर बेटांवरच्या आफ्रो-कॅरिबियन लोकांत ते सुमारे तेराशेंत एक भरलं. आजार वाढला नव्हता, शोधणारे वाढले होते. पाच हजारांत एक हेच प्रमाण इथे धरलं, तर २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातच वीस हजारांहून अधिक रुग्ण निघतील. पण आपल्याकडे घोळणा फुटला की ‘उष्णता’. डोक्यावर गार पाणी, नाकाशी कांदा. हिमोग्लोबिन उतरलं की लोहाच्या गोळ्या.

१९९४ मध्ये एंडोग्लिन आणि १९९६ मध्ये एएलके-१ ही या आजारामागची जनुकं सापडली. २००० मध्ये निदानाचे ‘कुरासाओ निकष’ आले: वारंवार घोळणा फुटणं, ठरावीक जागीचे ठिपके, आतल्या अवयवांतल्या सदोष वाहिन्या आणि जवळच्या नात्यात हाच आजार. चारपैकी तीन असले की निदान पक्कं. औषधांची गाडी सावकाश चालली. बेव्हॅसिझुमॅबने काहींचा रक्तस्राव कमी झाला. २०२४ मध्ये थॅलिडोमाइडच्या कुळातलं पोमॅलिडोमाइड चाचणीत उपयोगी ठरलं. आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही.

आयुष्याचं गणित सुधारलं ते मुख्यतः वेळेवर तपासणी झाल्यामुळे. फुप्फुसातली सदोष वाहिनी वेळीच सापडली, तर मांडीच्या शिरेतून नळी घालून ती आतूनच बंद करता येते. नियमित तपासणीत असलेल्या अनेक रुग्णांचं आयुर्मान आता इतरांच्या बरोबरीला येतं. दात काढण्याआधी प्रतिजैविक घ्यायचं, सलाइनमधून हवेचा बुडबुडा जाऊ द्यायचा नाही, दिवस राहण्याआधीच फुप्फुसं तपासून घ्यायची, एवढं तरी या घरांतल्या प्रत्येकाला कोणीतरी सांगायलाच हवं.