शेकोटीवरचे राखणदार

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात बर्स्लेम, हॅन्ली, लाँगटन अशी कुंभारकामाची सहा गावं होती. 1910 साली ती एकत्र होऊन स्टोक-ऑन-ट्रेंट झालं. एकोणिसाव्या शतकात इथल्या भट्ट्यांतून स्पॅनियल कुत्र्यांच्या जोड्या निघाल्या आणि मजुरांच्या, खाणकामगारांच्या घरी शेकोटीवरच्या फळीच्या दोन टोकांना जाऊन बसल्या. राणी व्हिक्टोरियाचा लाडका डॅश स्पॅनियलच होता, त्यामुळे या जातीची हौस राजवाड्यातून थेट झोपडीपर्यंत पोचली. स्कॉटलंडमध्ये या कुत्र्यांना ‘वॉली डग’ म्हणतात.

मातीच्या लाद्या साच्याच्या दोन भागांत हाताने दाबायच्या, अर्धुकं जोडायची, भाजायची, झिलई द्यायची. पुढचा पाय धडापासून सुटा दाखवायचा तर काम वाढतं. म्हणून सुट्या पायांच्या जोडीला संग्राहक जास्त पैसे मोजतात. भिंतीकडे राहणाऱ्या पाठीवर रंग जेमतेमच. खरी करामत चेहऱ्यावर. तांबूस ठिपके, कपाळावर कुरळ्या बटा, गळ्यात सोनेरी साखळी आणि कुलूप. हे रंगवणाऱ्यांत लहान मुलंही असत, आणि काम भराभर उरकावं लागे. भुवईचा फटकारा जरा वर गेला की कुत्रा चकित दिसतो, जरा खाली आला की रुसलेला. जोडीतले दोघे एकमेकांकडे तोंड करून बसतात, पण तंतोतंत सारखे कधीच नसतात. माझ्या मते त्यांचं मोल इथेच आहे: नाव न उरलेल्या कुणाचा तरी हात त्या भुवईत अजून दिसतो.

बहुतेकांवर कारखान्याचा शिक्का नसतो. मग पारख करायची कशी? कुत्रा उलटा करा. हाताने दाबून घडवलेल्याला हवा जायला लहानसं भोक असतं. पातळ माती ओतून केलेला वजनाला हलका आणि तळाशी मोठ्या भोकाचा. जुना सोनेरी रंग मऊ, उबदार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेला आरशासारखा चकाकतो. झिलईवर सगळीकडे सारख्याच काळपट भेगा दिसल्या तर सावध व्हा, त्या मुद्दाम पाडलेल्या असू शकतात. नुसत्या घडणीवरून वय ठरवता येत नाही. बर्स्लेमच्या विल्यम केंट कारखान्यात जुन्या धाटणीचे कुत्रे 1962 पर्यंत निघत होते.

नाकाचा टवका उडाला असेल तर चालेल, पण रंग नव्याने चढवलेला नको. आणि घ्यायचे तर दोन्ही घ्या. केवळ स्वस्त पडतो म्हणून कुणाची जोडी फोडू नका.