कल्हई: धातू आणि क्षार यांची एकत्र कारागिरी

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की खाडीपलीकडे भिवंडी तालुक्यातले कोन लागते. आज या रस्त्यावर गोदामे आणि मालमोटारी दिसतात. ठाणे जिल्ह्यातल्या अशा गावांतून पूर्वी कल्हईवाल्याची हाक ऐकू यायची. तो झाडाखाली जमिनीत खळगा करायचा, त्यात कोळसे पेटवून भाता लावायचा आणि घरोघरची काळवंडलेली पातेली त्याच्यापुढे येऊन पडायची. भांडे तापले की आत नवसागराची चिमूट, मग कथलाची कांडी, मग कापसाचा बोळा फिरवायचा. क्षणात आतली बाजू रुप्यासारखी उजळे. नववी-दहावीच्या पुस्तकातले रासायनिक बंधांचे प्रकरण इतक्या स्पष्टपणे मांडणारा दुसरा धंदा मला माहीत नाही. या कामात धातू आणि आयनिक संयुग दोघेही आपापल्या स्वभावानुसार वागतात, आणि त्या दोन स्वभावांवरच कारागिरी उभी आहे.

सुरुवात भांड्यापासून करू. तांब्याचा पत्रा ठोकला तर पसरतो, वाकतो, खोलगट होतो, फुटत नाही. याचे कारण अणूंच्या जोडणीत आहे. तांब्याचा अणू आपले सर्वांत बाहेरचे इलेक्ट्रॉन स्वतःपाशी राखून ठेवत नाही. गावच्या गायरानासारखे ते सगळ्यांचे असतात, एकट्या कुणाचे नसतात. धन भाराचे अणुगाभे ओळीने मांडलेले आणि त्यांच्यामधून हे मोकळे इलेक्ट्रॉन वाहणारे, असा धातूचा घाट आहे. हातोडा बसला की अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सरकतो. पण मोकळे इलेक्ट्रॉन नव्या जागीही त्यांना तसेच बांधून ठेवतात. म्हणून आकार बदलतो, बंध टिकतो.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हेच ज्ञान हातात उतरलेले आहे. पेशवाईच्या काळापासून तिथे तांब्याची भांडी घडतात. शेवटी भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके मारून मठारकाम करतात. त्याने भांडे दिसायला देखणे होतेच, शिवाय कडक होते. ठोकताना धातूच्या रचनेतले बारीक दोष वाढतात, एकमेकांत अडकतात आणि थरांचे सरकणे अवघड होते. फार कडक झालेला पत्रा तडकू नये म्हणून मध्येच तापवून मऊ करावा लागतो. या दोषांचा सिद्धांत जी. आय. टेलर, इगॉन ओरोवान आणि मायकेल पोलानी यांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे मांडला. तांबटांचा हात त्याच्या कितीतरी आधीपासून तसाच चालत होता.

त्याच मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे तांबे वीज आणि उष्णता सहज वाहून नेते. भिवंडीच्या यंत्रमागांच्या मोटरींत तांब्याच्या तारेची गुंडाळी त्यासाठीच असते. स्वयंपाकातही तेच: तांब्यातून उष्णता स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पंचवीस पट वेगाने पसरते, म्हणून तांब्याच्या पातेल्यात आच सगळीकडे सारखी लागते.

आता नवसागर. रसायनशास्त्रात हा अमोनियम क्लोराइड, म्हणजे क्षार. इथे मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत. धन भाराचा अमोनियम आयन आणि ऋण भाराचा क्लोराइड आयन एकमेकांना ओढून धरतात. प्रत्येकाभोवती विरुद्ध भाराचे आठ शेजारी असतात. खाण्याच्या मिठात हे शेजारी सहा. मिठाची ही मांडणी ब्रॅग पिता-पुत्रांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांनी उलगडली आणि मिठाच्या खड्यात सुटे रेणू नसतातच, हे दाखवून दिले. ही ओढ जबर असते, म्हणून मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. पण ठोका मारला की एक थर जरासा सरकतो, सारख्या भाराचे आयन समोरासमोर येतात, एकमेकांना ढकलतात आणि खडा फुटतो. कोरड्या खड्यातून वीजही जात नाही, कारण आयन जागचे हलत नाहीत. पाण्यात विरघळले की ते मोकळे होतात. कोनच्या खाडीकाठी लोखंडी फाटक लवकर गंजते ते यामुळेच: खारट ओलाव्यातले मोकळे आयन गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया वेगाने पुढे नेतात.

कल्हईच्या भट्टीवर हे दोन स्वभाव एकत्र येतात. तापलेल्या तांब्यावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे काळा ऑक्साइड बसतो. वितळलेले कथील या थराला धरत नाही, थेंब होऊन घरंगळते. नवसागर तापला की न वितळता अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या वायूंत फुटतो. हायड्रोजन क्लोराइड ऑक्साइड खाऊन टाकतो आणि खालचे स्वच्छ तांबे उघडे पडते. भट्टीवरचा पांढरा धूर म्हणजे तेच दोन वायू थंड होताना पुन्हा जुळून झालेला नवसागर. आता कथील उघड्या तांब्याला भेटते. दोघेही धातू, दोघांचे इलेक्ट्रॉन मोकळे. सीमेवर तांबे आणि कथील यांचा एक पातळ संयुक्त थर तयार होतो आणि कल्हई पक्की बसते. रंगासारखी ती नुसती वर चिकटलेली नसते.

कथील २३२ अंशांना वितळते, तांबे १०८५ अंशांना. धातुबंध सगळीकडे सारखाच बळकट नसतो, हे या दोन आकड्यांत दिसते. या फरकामुळेच भांडे शाबूत राहते आणि कल्हई मात्र पसरते. आणि म्हणूनच कल्हईचे भांडे रिकामे आचेवर ठेवू नये, असे घरातल्या वडीलधाऱ्या बायका बजावत. पाणी शंभर अंशांना उकळते, तोवर कल्हईला धोका नाही. कोरडे भांडे मात्र सहज २३२ च्या पुढे जाते. कल्हई गेलेल्या भांड्यात चिंचेची आमटी किंवा ताक ठेवले तर ते कळकते: आंबट पदार्थातले आम्ल तांब्याचे क्षार बनवते आणि ते पोटाला विषारी.

स्टील आले आणि कल्हईवाल्याची हाक विरळ झाली. स्टीलची सोय खरीच आहे. पण तांब्या-पितळेची भांडी पुन्हा घरात येत असताना कल्हई करणारे हात उरले नाहीत, तर ती भांडी केवळ शोभेची ठरतील. तुमच्या भागात कल्हई करणारा असेल तर त्याला काम द्या, आणि कथील शुद्धच हवे, शिशाची भेसळ नको, असे सांगा. शिसे अन्नातून अंगात जाते. शिक्षकांनी एक दिवस त्याला शाळेच्या अंगणात बोलवावे, धूर उघड्यावर जाईल असे बघावे आणि मुलांना थोडे अंतर राखून बसवावे. धातुबंध आणि आयनिक बंध यांचा फरक मुलांना तिथे डोळ्यांनी पाहायला मिळेल.