बांधावरील अन्नजाळे व ऊर्जाप्रवाहाचा पाठ

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर या भागात कारखानदारी झपाट्याने वाढली व पुढे ती चाकणपर्यंत पोहोचली. तथापि कांद्याची बाजारपेठ म्हणून चाकणचे नाव कायम आहे आणि कारखान्यांच्या कुंपणालगत अद्यापि शेते दिसतात. येथील शाळांत शेतकऱ्यांच्या मुलांशेजारी कामगारांची मुले बसतात. सहावी ते आठवीच्या या विद्यार्थ्यांना अन्नजाळ्याचा पाठ फळ्याबरोबरच बांधावर दिल्यास तो अधिक स्पष्ट होतो.

बाणाची दिशा

ज्वारी उंदीर खातो, उंदरास धामण खाते व धामणीस मुंगूस मारतो. ही झाली अन्नसाखळी. परंतु उंदीर घुबडाचेही भक्ष्य होय, आणि धामण बेडूकही खाते. ज्वारीवरील मावा ढालकिडे खातात. अशा अनेक साखळ्या परस्परांत गुंतून अन्नजाळे तयार होते. ते रेखाटताना विद्यार्थी पुष्कळदा बाण खाणाऱ्याकडून भक्ष्याकडे काढतात. बाण ऊर्जा कोणीकडे जाते हे दाखवितो. म्हणून तो ज्वारीकडून उंदराकडे काढावा.

ऊर्जा कोठे जाते?

अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड लिंडेमन यांनी एका लहान तलावाचा अभ्यास करून १९४२ साली ऊर्जाप्रवाहाची मांडणी केली. स्थूलमानाने एका पायरीवरील ऊर्जेचा एक दशांश भाग पुढील पायरीस मिळतो. हे प्रमाण ठिकठिकाणी कमीअधिक असते. हे पाण्याच्या साह्याने दाखविता येते. ज्वारीच्या भांड्यात १ लिटर पाणी घ्यावे. त्यातील १०० मिलिलिटर उंदराच्या भांड्यात, त्यातील १० मिलिलिटर धामणीच्या भांड्यात व त्यातील १ मिलिलिटर, म्हणजे सुमारे वीस थेंब, मुंगसाच्या भांड्यात घालावे. प्रत्येक वेळी उरलेले पाणी जमिनीवर ओतावे.

हे ओतलेले पाणी म्हणजे काय, असे मुले विचारतील. नांगर ओढून आलेल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला असता ऊब लागते. कडब्यातील ऊर्जेचा मोठा भाग श्वसनात, हालचालीत व अशा उष्णतेच्या रूपाने खर्च होतो. न पचलेला भाग शेणावाटे जातो. शेणखतातून अन्नद्रव्ये जमिनीस परत मिळतात, परंतु उष्णतेच्या रूपाने गेलेली ऊर्जा पिकास परत मिळत नाही. ती दररोज सूर्याकडूनच यावी लागते. म्हणूनच शेतात ताटे असंख्य, उंदीर त्याहून थोडे आणि घुबडाची एखादीच जोडी असते.

धागा सुटला तर

विद्यार्थ्यांना वर्तुळात उभे करून प्रत्येकास एका जीवाचे नाव द्यावे आणि जो ज्यास खातो त्या दोघांमध्ये सुतळी ताणावी. नंतर धामण व घुबड झालेल्या मुलांनी सुतळी सोडावी. उंदराच्या हातातील ताण लगेच सैल पडतो. शेतातही हेच घडते. धामण बिनविषारी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये संरक्षित आहे. तरीही केवळ भीतीपोटी ती मारली जाते. रक्त गोठू न देणाऱ्या काही उंदीरनाशकांनी विषबाधा झालेले उंदीर खाल्ल्यास घुबडासही विषबाधा होऊ शकते. उंदरांचे शत्रू असे कमी झाले की त्याचा भार अखेर कणसांवर व साठवलेल्या धान्यावर पडतो.

शेतकऱ्यांचे साहाय्य

शाळेच्या शेजारील शेतकऱ्यांनी एखादा बांध या पाठासाठी मोकळा ठेवावा, त्यावरील जुनी झाडे राखावीत व पिकात पक्षीथांबे उभारावेत. शिक्षकांनी मुलांना बिळात हात घालू देऊ नये आणि साप दिसल्यास दुरूनच पाहण्यास सांगावे. खोलीत राहणाऱ्या कामगाराच्या मुलालाही आपल्या ताटातील भाकरीची ऊर्जा कोठून आली, हे अशा बांधावर प्रत्यक्ष पाहता येईल.