चकवा

रात्री वाट चुकून माणूस पुन्हा पुन्हा एकाच जागी आला, की आमच्या कोकणात म्हणतात, चकवा लागला. माझे आजोबा सुईणीला आणायला निघाले आणि उजाडेपर्यंत सड्यावरच फिरत राहिले. पुढे शिकल्यासवरल्या मंडळींनी त्यांची थट्टा केली. तीत मीही होतो.

इंग्लंडच्या डेव्हनमध्ये हेच काम पिक्सी करतात, रशियाच्या रानात लेशी. उपाय दोन्हीकडे एकच: अंगातले कपडे उलटे करून घालायचे. (रशियात डावा बूट उजव्या पायातही घालतात.) आमच्याकडे सांगतात, जागीच बसावे, कोंबडा आरवेपर्यंत उठू नये.

जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थेच्या यान सौमान आणि सहकाऱ्यांचा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. जंगलात सरळ चाला, एवढेच सांगितलेले. ढगाळ दिवशी चाललेले चौघेही गोल फिरले. त्यांतल्या तिघांनी आपलीच वाट ओलांडली, तरी त्यांना कळले नाही. ऊन असताना चाललेले मात्र सरळ गेले. डोळे बांधल्यावर काहींचे वर्तुळ २० मीटरहूनही लहान झाले. एक पाय आखूड असल्याने असे होते, हा जुना तर्क टिकला नाही. ‘समोर’ म्हणजे कुठे, हा अंदाजच पावलागणिक ढळत जातो.

म्हणजे आजोबा खरे तेच सांगत होते. कपडे उलटे करायलाही थांबावे लागतेच, पण बसून राहण्याचा आमचा उपाय मला अधिक चोख वाटतो. उजाडले की दिशा सापडते. आजोबांना तो ठाऊक होता. पण घरी आजी अडलेली, बसणार कसे?